सातव्या नियमाची जागा

यंदाही नियमांचा कागद मीच लिहायला घेतलाय,
सेक्रेटरी म्हणून, आणि अक्षर बरं म्हणून.
आंबोळगड सडा हौशी गोल्फ लीग.
नऊ होल, तेवीस सभासद,
त्यातल्या सहांची वर्गणी अजून यायची आहे.

गवत फक्त गणपतीत. बाकी वर्षभर कातळ.
तेव्हा प्रत्येकानं चटईचा वीतभर तुकडा जवळ बाळगावा,
चेंडू त्यावर ठेवावा, मगच मारावा.
क्लब कुणा बोटीवरच्या इंजिनिअरनं दिलेले, जुने,
जांभ्यावर आपटले की ठिणगी उडते
आणि भरपाईचा प्रश्न निघतो.

होलाभोवती हिरवळ नाही, काळं आहे:
पुळणीवरची चाळलेली वाळू, त्यात ट्रॉलरचं जळकं तेल.
पट झाल्यावर आपली पावलं फळीनं पुसून निघावं.
मागून येणाऱ्याला आपण दिसू नये.

टिटवीनं उघड्यावर अंडी घातली असतील
आणि चेंडू तिच्या अंगणात गेला
तर चेंडू तिचा.
दुसरा घ्यावा. दंड नाही.
(धुमक गुरुजी म्हणाले होते, "मी हळूच काढतो."
त्यांची टोपी अजून सापडलेली नाही.)

तिसऱ्या होलाच्या वाटेवर कातळात कोरलेला मासा आहे.
कुणी कोरला, कधी, ते शोधणारे येऊन मोजून गेले.
चेंडू त्याच्या अंगावर थांबला तर हातानं उचलावा,
त्याआधी बूट काढावेत.
हे कमिटीत एकमतानं झालं,
एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

सुमती कोयंडेंच्या वाळत घातलेल्या आमसुलांत पडला
तर किती आमसुलं चिरडली, ते त्या सांगतील तेवढीच.

वाऱ्यानं चेंडू हलवला तर जिथं थांबला तिथून.
वाऱ्याशी हुज्जत नको.

होड्या मुसाकाजीला लागल्या की खजिनदार तांडेल
लिलावाला जाणार, खेळ थांबणार.
ते परत येईपर्यंत त्यांच्या चेंडूकडे कुणी बघू नये.
हा नियम नव्हे, विनंती.

सहा झाले.
सातव्या आकड्यापुढं मी काही लिहीत नाही.
पाच वर्षं झाली. नवे सभासद विचारतात,
मी म्हणतो, टाइप करताना राहिलं असेल,
आणि कागद तर हातानं लिहिलेला असतो.

त्या वर्षी फायनलला अशरफ सोलकर आणि मी.
आठव्याला, करवंदीच्या जाळीमागं,
माझा चेंडू खाचेत, आणि माझ्या बुटाचं टोक.
बोटभर. फार तर दीड बोट.
टिटवी ओरडली, पण ती दिवसभर ओरडतेच.

नवव्याला अशरफनं चटई नीट करताना
त्याचा चेंडू जरासा डुलला.
मला दिसलंही नव्हतं.
त्यानं हात वर केला: "माझा एक वाढव."
त्याचं कार्ड माझ्याकडे होतं, माझं त्याच्याकडे.
मी वाढवला.
बऱ्या अक्षरात.

एकानं जिंकलो.
कप शोकेसमध्ये आहे, बायको त्यात लाइटबिलं ठेवते.

यंदा अशरफ खेळणार नाही, गुडघा.
पंच म्हणून उभा राहतो म्हणाला.
काल संध्याकाळी आला, चष्मा पुसला, कागद वाचला,
सहावरून आठवर जाताना थांबला नाही.
चहा प्यायला. पोह्यांतली मिरची बाजूला काढली.
पायरीवर चप्पल घालता घालता म्हणाला,
"सातला जागा बरीच सोडलीयस रे."

झेरॉक्सवाला दहाला उघडतो.
साडेनऊ झालेत.
पेनाचं टोपण मघापासून
माझ्या दातांत आहे.